रपट्याच्या अलीकडे

ग्वाल्हेरला पाऊस उशिरा येतो आणि लवकर जातो. जून संपताना पहिल्या खऱ्या सरी, जुलै-ऑगस्टमध्ये जोर, आणि सप्टेंबर सरता सरता निरोप. वर्षाचा सगळा पाऊस धरला तरी तो हजार मिलिमीटरच्या आत. कोकणात बऱ्याच ठिकाणी एवढा पाऊस एकट्या जुलैत पडून जातो. त्यामुळे ग्वाल्हेरकराला पावसात गाडी चालवणं कोकणातल्या माणसापेक्षा सोपं जात असेल, असं वाटू शकतं. प्रत्यक्षात त्याचं काम अवघड असतं. चिपळूणचा ड्रायव्हर सलग चार महिने ओल्या रस्त्यावर असतो, त्यामुळे त्याचा पाय आपोआप हलका पडतो. ग्वाल्हेरच्या ड्रायव्हरचे वर्षातले आठ-नऊ महिने कोरड्या रस्त्यावर जातात. त्याच्या हातापायांना कोरड्या डांबराची पकड पाठ झालेली असते आणि ती मोडायला पावसाळा त्याला फार थोडे दिवस देतो.

त्यात इथली एक खास गोष्ट आहे. माधवराव शिंद्यांच्या काळात, 1905 मध्ये सुरू झालेला ग्वाल्हेरचा व्यापार मेळा आजही थंडीत भरतो आणि अलीकडे अनेक वर्षं तिथे गाडी घेतली की रोड टॅक्समध्ये निम्मी सूट मिळत आली आहे. साहजिकच बरीच घरं गाडी मेळ्यातच घेतात. हिवाळ्यात घेतलेल्या गाडीला आणि कित्येकदा नव्यानेच शिकलेल्या चालकालाही पहिला पाऊस भेटतो तो पाच-सहा महिन्यांनी. तोवर गाडीवर हात बसलेला असतो, आत्मविश्वास आलेला असतो, पण ओला रस्ता कसा असतो ते दोघांपैकी कुणालाच ठाऊक नसतं.

पहिला पाव तास

मे महिन्यात ग्वाल्हेरचा पारा 45 अंशांच्या पुढे जातो. लू वाहते, आंधी येते, रस्त्यावर बारीक धुळीचा थर बसतो. रेतीचे आणि गिट्टीचे ट्रक त्यात भर घालतात. इंजिनांतून ठिबकलेलं तेल, डिझेलचे थेंब आणि घासलेल्या टायरचं रबर हे सगळं त्या धुळीत मुरत राहतं. मग पहिली सर येते. ती जोराची असेल तर हा लेप धुऊन निघतो. पण पहिली सर बहुतेकदा भुरभुरती असते. तेवढ्या पाण्यात लेप धुतला जात नाही, नुसता कालवला जातो, आणि रस्त्यावर बुळबुळीत साय धरते. म्हणून पावसाच्या पहिल्या पंधरा-वीस मिनिटांतला रस्ता तासभर झोडपलेल्या रस्त्यापेक्षा जास्त निसरडा असतो. आठ-दहा दिवस उघडीप पडून पुन्हा पाऊस आला की हाच प्रकार पुन्हा होतो.

दुचाकीवाल्यांनी हे आधी ध्यानात घ्यावं. गाडीच्या एका टायरचा रस्त्याशी टेकलेला भाग जेमतेम तळहाताएवढा असतो. दुचाकीचा त्याहून लहान, आणि चाकं दोनच. झेब्रा क्रॉसिंगचे पांढरे पट्टे, गटाराची लोखंडी झाकणं, रेल्वे फाटकातले रूळ आणि पुलाच्या जोडांवरच्या लोखंडी पट्ट्या पावसात डांबरापेक्षा कितीतरी जास्त घसरड्या होतात. त्यांच्यावरून जाताना हँडल सरळ ठेवावं, ब्रेक लावू नये आणि गाडी तिरपी करू नये. ब्रेक लावायचा तो त्यांच्या अलीकडे, पुढचा आणि मागचा दोन्ही, हळूहळू दाब वाढवत. 1 एप्रिल 2019 पासून 125 सीसीहून मोठ्या सगळ्या नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचं झालं. त्यामुळे चाक जाम होत नाही. पण रस्त्यानेच पकड सोडली असेल तर एबीएस ती कुठून आणणार? मागे बसलेल्याने उघडलेली छत्री तर कुठल्याच यंत्रणेला आवरत नाही. वाऱ्याचा एक झोत येतो आणि गाडीचा तोल छत्रीच्या हाती जातो.

60 आणि 80 मधलं अंतर

ओला रस्ता म्हणजे किती धोका, हे आकड्यांत पाहू. ताशी 60 किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला जवळजवळ 17 मीटर पुढे जाते. समोर काही दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत सावध माणसालाही दीड सेकंद लागतो असं धरा. एवढ्यात 25 मीटर गेले आणि ब्रेक अजून लागलेलाच नाही. पुढे कोरड्या, चांगल्या डांबरावर गाडी थांबायला सुमारे 20 मीटर लागतात आणि ओल्यावर सुमारे 35. म्हणजे एकूण 60 मीटर. वेग 80 केला तर विचाराचे 33 आणि ब्रेकचे 63 मिळून जवळजवळ 96 मीटर होतात. वेग एक तृतीयांशाने वाढला, थांबायचं अंतर मात्र दीडपटीच्या पुढे गेलं, कारण ब्रेकचं अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. हा हिशोब नव्या टायरचा आहे. झिजलेल्या टायरचा याहून वाईट.

पुढच्या गाडीपासून किती मागे राहावं, याची रस्त्यावरची सोपी रीत अशी. पुढची गाडी एखाद्या खांबाजवळून गेली की मनात सावकाश मोजा. कोरड्या रस्त्यावर आपण त्या खांबापाशी किमान दोन सेकंदांनी पोचलं पाहिजे, पावसात चारनी. ग्वाल्हेर-मुरैना टप्प्यावर तुम्ही चार सेकंदांची जागा सोडलीत तर तिसऱ्या सेकंदाला कुणीतरी त्या जागेत घुसणार, हे ठरलेलं आहे. घुसू द्या आणि पुन्हा मागे व्हा. आग्र्याला पोचेपर्यंत अशा दहा गाड्या घुसल्या तरी तुमचा एक मिनिटही जात नाही.

टायरखालचं पाणी

रस्त्यावर पाण्याचा थर साचला की टायरला दोन कामं करावी लागतात. पाणी बाजूला सारायचं आणि मग रस्ता धरायचा. टायरवरच्या खाचा त्यासाठीच असतात. वेग फार वाढला की पाणी बाजूला सरायला वेळच मिळत नाही. ते टायरच्या पुढे दाटतं, त्याची पाचर टायरखाली शिरते आणि चाक रस्त्यावरून उचललं जातं. मुलं तळ्यात चपटा दगड फेकून भाकऱ्या काढतात, त्यात दगड वेगामुळे पाण्यावर तरंगत जातो. गाडीचंही तेच होतं. स्टिअरिंग एकाएकी हलकं लागतं, इंजिनाचा आवाज चढतो आणि ब्रेकचा काही उपयोग होत नाही.

हा वेग किती, याचं उत्तर 1963 मध्ये अमेरिकेच्या नासा संस्थेतल्या अभियंत्यांनी विमानांच्या टायरवर प्रयोग करून काढलं. टायरमधल्या हवेचा दाब पौंडांत घ्या, त्याचं वर्गमूळ काढा आणि साधारण 16.6 ने गुणा. 32 पौंड हवेला उत्तर येतं ताशी सुमारे 94 किलोमीटर. हवा 24 पौंडांवर आली असेल तर हाच वेग 81 होतो. मोटारीला हे सूत्र तंतोतंत लागू पडत नाही. खाचा झिजलेल्या असतील तर गाडी याच्या बरीच आधीही तरंगू शकते. पण हवा कमी असेल तर धोका लवकर येतो, हा त्यातला धडा मोटारीलाही तितकाच खरा.

ग्वाल्हेरकराला हा धडा विशेष लागू आहे. उन्हाळ्यात टायर फुटेल या भीतीने हवा कमी ठेवायची सवय इथे पुष्कळांना असते. ती समजूत मुळातच चुकीची आहे. कमी हवेचा टायर जास्त दबतो, जास्त तापतो आणि म्हणूनच फुटतो. शिवाय हवामानही हवेशी खेळतं. मे महिन्यात 45 अंशांत 32 पौंड भरलेली हवा पावसाळी 28 अंशांवर काही गळती न होता साडेएकोणतीसवर येते. म्हणून पहिल्या पावसानंतर, सकाळी, गाडी फार चाललेली नसताना हवा तपासून घ्यावी. दरवाजाच्या चौकटीवर कंपनीने लिहिलेला आकडा प्रमाण मानावा.

टायरची झीज पाहायला कुठलंही उपकरण लागत नाही. खाचेच्या तळाशी ठरावीक अंतरावर रबराचे छोटे उंचवटे असतात. टायर झिजत जाऊन हे उंचवटे वरच्या रबराच्या पातळीत आले की खाच 1.6 मिलिमीटर उरली, म्हणजे मोटारीच्या टायरची कायदेशीर मर्यादा संपली. पावसासाठी मात्र तिथवर थांबू नये. 3 मिलिमीटरलाच टायर बदलावा असा जाणकारांचा सल्ला असतो. टायरच्या बाजूवर चार आकडे छापलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. 2219 असेल तर तो टायर 2019 च्या बाविसाव्या आठवड्यात बनला. उत्तरेच्या उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीचं रबर न झिजताही कडक होतं आणि कडक रबर ओल्यात पकड घेत नाही.

गाडी तरंगलीच तर ब्रेक मारू नका आणि स्टिअरिंग झटक्याने फिरवू नका. पाय ॲक्सिलरेटरवरून काढा, हात सरळ ठेवा. एक-दोन सेकंदांत वेग उतरतो आणि टायर पुन्हा रस्त्याला लागतात. क्रूझ कंट्रोल असेल तर पावसात तो बंदच ठेवावा.

काच, दिवे आणि जनावरं

वायपरची रबरं बहुतेक जण पाऊस सुरू झाल्यावर पाहतात. तोवर ती तीन महिने तापलेल्या काचेवर भाजून निघालेली असतात. पहिल्याच सरीत ती पाणी पुसायच्या ऐवजी धुळीचा चिखल काचभर सारवतात. जूनच्या पहिल्या आठवड्यात ती बदलावीत, हा छोटासा खर्च सगळ्यात जास्त वसूल होतो.

काचेवर धरणाऱ्या वाफेचं गणित ऋतूप्रमाणे बदलतं. थंडीत वाफ आतून धरते. ती काढायला एसी लावून हवा काचेवर सोडतात. जुलैत ग्वाल्हेरची बाहेरची हवा उष्ण आणि दमट असते. एसीचा गार झोत पुढच्या काचेवर सोडला की काच बाहेरून गार पडते आणि बाहेरच्या बाजूला वाफ धरते. आतून कितीही पुसलं तरी ती जात नाही. अशा वेळी वायपर एकदा फिरवा, झोत काचेवरून पायांकडे वळवा आणि एसीचं तापमान थोडं वाढवा.

दिवसाही दिवे लावावेत, पण डिपर खाली ठेवून. वरचा झोत थेंबांवरून परतून आपल्याच डोळ्यांवर येतो. चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लुकलुकत ठेवायची पद्धत हायवेवर रूढ झाली आहे, ती सोडून द्यावी. मागच्याला तुम्ही थांबला आहात की चालता आहात ते कळत नाही आणि तुम्ही वळणार असाल तर तेही कळत नाही. ते दिवे थांबलेल्या गाडीचे.

या भागात पावसाळी रात्रीचा सगळ्यात मोठा धोका हायवेवरच बसलेला असतो. शेतं आणि कच्च्या जागा ओल्या झाल्या की गाईगुरं डांबरावर येऊन बसतात. रस्ता लवकर सुकतो, उबदार असतो आणि वाऱ्यामुळे माश्याही कमी असतात. शिवपुरीकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग 46 असो की आग्रा-झाशीचा 44, वळणापलीकडे दहा-बारा जनावरांचा कळप रवंथ करत असणं ही नेहमीची गोष्ट. गाईचे डोळे तरी उजेडात चमकतात. पाठमोरी म्हैस ओल्या काळ्या रस्त्यावर काहीच चमकवत नाही. तिच्या जोडीला मागे रिफ्लेक्टर नसलेली ट्रॅक्टरची ट्रॉली असते. दिव्याच्या खालच्या झोतात 40-50 मीटरच स्पष्ट दिसतं आणि 60 च्या वेगाने ओल्यात थांबायला 60 मीटर लागतात, हे वर पाहिलंच. अंधाऱ्या, ओल्या पट्ट्यात वेग 50 च्या खाली का हवा, ते या दोन आकड्यांतून दिसतं.

शहरातलं पाणी

ग्वाल्हेर शहर किल्ल्याच्या डोंगराभोवती वसलं आहे. सुमारे शंभर मीटर उंचीच्या त्या खडकावर पडलेलं पाणी जिरत नाही, सरळ खाली धावतं. लष्कर भागातून जाणारी स्वर्णरेखा आज काँक्रीटने बांधलेल्या पात्रातून वाहते. फालका बाजार, पाटणकर बाजार अशी मराठी सरदारांची नावं बाळगणारे रस्ते घोडागाड्यांच्या काळातले. जोराच्या सरीने अर्ध्या तासात त्यांतल्या सखल ठिकाणी पाणी उभं राहतं. साचलेल्या पाण्याची खोली एक वेळ अंदाजाने कळते. त्याचा तळ मात्र कळत नाही. 2025 च्या पावसाळ्यात चेतकपुरीकडे जाणारा नवाकोरा रस्ता जागोजागी खचला आणि त्याची छायाचित्रं देशभर गाजली. असं भगदाड पाण्याखाली असतं तेव्हा वरून सगळं सपाटच दिसतं.

म्हणून साचलेल्या पाण्यात पहिली गाडी आपली घालू नये. आधी गेलेल्या गाडीची चाकं कुठवर बुडतात ते पाहावं. पाणी चाकाच्या मध्यापर्यंत जात असेल तर वाट बदलावी. त्याहून कमी असेल तर पहिल्या गिअरमध्ये, एकाच संथ गतीने, मधे न थांबता रस्त्याच्या मधोमध जावं, कारण तिथे रस्ता सहसा उंच असतो. बाहेर पडल्यावर ब्रेक दोन-तीनदा हलके दाबून सुकवावेत. पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा चावी फिरवायची नाही. इंजिनात शिरलेलं पाणी हवेसारखं दाबलं जात नाही. पिस्टन त्यावर आदळतो, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि हजाराचं काम लाखावर जातं. साध्या विम्यात हे नुकसान सहसा धरलेलं नसतं. त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनची वेगळी जोड घ्यावी लागते.

रपटा

शहर सोडून तिघरा धरणाकडे, शिवपुरी-नरवरच्या बाजूला किंवा सिंध नदीच्या काठच्या गावांकडे वळलं की रपटे लागतात. महाराष्ट्रात ज्याला आपण फरशी म्हणतो तोच हा प्रकार. ओढ्याच्या पात्रातून काढलेला बुटका काँक्रीट रस्ता, कठडा नसलेला, पूर आला की पाण्याखाली जाणारा. गावचा माणूस त्याच्या अलीकडे उभा राहून सांगतो, “भैया, अभी मत निकालो.” गाडीतला माणूस पाण्याकडे बघतो, गुडघाभरही नाही असं ठरवतो आणि पहिला गिअर टाकतो.

या क्षणाचा हिशोब करून ठेवलेला बरा. लहान मोटार चार मीटर लांब, 1.6 मीटर रुंद आणि सुमारे हजार किलो वजनाची असते. तिचं बूड जमिनीपासून 17 सेंटिमीटरवर असतं. पाणी बुडाच्या वर चढलं की प्रत्येक 10 सेंटिमीटरला ते गाडीला साधारण 640 किलोंची उचल देतं. म्हणजे रस्त्यावर 25 सेंटिमीटर पाणी असतानाच गाडीचं निम्मं वजन टायरवरून उतरलेलं असतं आणि पकडही निम्मी झालेली असते. 33 सेंटिमीटरला ती तरंगते. त्याच्याही आधी वाहत्या पाण्याचा आडवा रेटा तिला कडेकडे सरकवू लागतो आणि कडेला कठडा नसतो. मोठ्या एसयूव्हीचा हिशोबही करून पाहा. वजन 1800 किलो, बूड 20 सेंटिमीटरवर, पण अंगाने रुंद असल्यामुळे दर 10 सेंटिमीटरला उचल साडेआठशे किलोंची. ती 41 सेंटिमीटरला तरंगते. दुप्पट किमतीच्या गाडीने मिळालं काय, तर 8 सेंटिमीटर.

शिवाय हे पाणी स्थिर नसतं. या भागातल्या नद्यांना पाणी दुरून येतं. 15 ऑगस्ट 2018 ला ग्वाल्हेर-शिवपुरीच्या सीमेवरच्या सुलतानगड धबधब्यावर सुट्टीसाठी गेलेले लोक अचानक चढलेल्या पाण्यात सापडले. काही वाहून गेले, खडकावर अडकलेल्यांना रात्रभर चाललेल्या प्रयत्नांनी बाहेर काढावं लागलं. ऑगस्ट 2021 च्या पहिल्या आठवड्यात शिवपुरी-श्योपुरात प्रचंड पाऊस झाला, मडीखेडा धरणाचे दरवाजे उघडले आणि खाली दतिया जिल्ह्यात सिंध नदीवरचे पूल वाहून गेले. ते बुटके रपटे नव्हते, मोठे पूल होते. तुमच्या डोक्यावरचं आभाळ निरभ्र असलं तरी नदी फुगत असू शकते. मराठी वाचकाला 2 ऑगस्ट 2016 ची रात्र आठवत असेल. महाडजवळ सावित्री नदीवरचा 1928 सालचा पूल पुरात कोसळला आणि एसटीच्या दोन गाड्या प्रवाशांसह गेल्या. त्या चालकांना अंधारात पूल नाही हे कळायला मार्गच नव्हता. रपट्यापाशी उभ्या असलेल्या चालकाला दिवसाउजेडी, काठावरच्या माणसाच्या तोंडून, सगळं कळत असतं. तिथे निर्णय घ्यायला वेळ असतो, आणि तो वेळ फक्त रपट्याच्या अलीकडेच असतो.

तरीही गाडी पाण्यात सापडलीच तर पहिल्याच मिनिटात पट्टा सोडून काच खाली करा. विजेवर चालणाऱ्या काचा पाण्यात थोडा वेळच चालतात. दरवाजाशी झटापट करू नका. बाहेर दरवाजाच्या खालच्या अर्ध्या मीटरवर पाणी असलं तरी त्याचा दाब शंभर किलोंच्या पुढे जातो. काच उतरली नाही तर सीटच्या डोक्याची उशी उपसून तिच्या लोखंडी दांड्याने बाजूच्या काचेचा कोपरा फोडा. पुढची काच फुटून मोकळी होत नाही, तिच्यामागे लागू नका. लहान मुलांना आधी बाहेर काढा, सगळे टपावर चढा आणि मदत येईपर्यंत तिथेच राहा. मदतीसाठी 112 आणि राष्ट्रीय महामार्गावर 1033 हे क्रमांक घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये असावेत.

जूनच्या पहिल्या आठवड्यात

पाऊस येण्याआधी एक सकाळ गाडीला द्यावी. टायरच्या खाचा आणि स्टेपनीसह पाचही चाकांची हवा, वायपरची रबरं, सगळे दिवे, ब्रेकचे पॅड आणि बॅटरी पाहून घ्यावी. गाडीत टॉर्च, दोरी, कोरडा टॉवेल आणि पाण्याच्या बाटल्या ठेवाव्यात. प्रवास लांबचा असेल तर नदीकाठचा टप्पा दिवसा येईल अशा बेताने निघावं आणि रस्त्यात थांबता येईल असं एखादं ठिकाण आधीच हेरून ठेवावं. पोचायची वेळ घरच्यांना सांगताना तासाभराची मोकळीक ठेवून सांगावी. उशीर झाला म्हणून रपट्यात गाडी घालायचा मोह त्या तासाने निम्मा होतो.

सप्टेंबरअखेर पाऊस गेला की ग्वाल्हेरच्या ड्रायव्हरला दोन महिने खरी उसंत मिळते. डिसेंबरच्या मध्यापासून चंबळ खोऱ्यावर धुकं उतरायला लागतं. त्यात रस्ता कोरडा असतो, टायर पकड घेतात आणि तरीही गाड्या एकमेकींवर आदळतात. त्याची कारणं वेगळी आहेत, आणि ती पुढच्या प्रकरणात.